जाळलेलं नाव

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

भरदुपारची आहे. कच्छमधल्या मांडवीची. रुक्मावतीच्या काठावर जिथं अजून लाकडाची गलबतं बांधतात, त्याच्या मागच्या गल्लीतली. भूकंपाच्या आधी घडली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा. आणि मामीनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. दोघं जिवंत आहेत, धडधाकट आहेत. त्यामुळे खाली 'छान काल्पनिक कथा' असं कुणी लिहू नका. डोकं फिरतं माझं.

मामाचं तेव्हाचं नाव वेलजी.

इथं लिहितोय खरं. घरात हे नाव कुणी तोंडानं घेत नाही.

आम्ही खारवे. घरातला पुरुष दर्यावर आणि बाई काठावर, असंच चालत आलंय. त्या वर्षी मामाचं गलबत आफ्रिकेहून माल टाकून परत येत होतं. हंगाम संपायला आला होता. वाटेत सिकोतर बेट लागतं. बेट दिसलं की आमच्याकडची गलबतं हातभर लांबीचं एक लाकडी होडकं पाण्यात सोडतात. त्यात नारळ, मूठभर तांदूळ, एक दिवा. तिथली सिकोतर माता आमच्या लोकांना सांभाळते. तिला दिल्याशिवाय कुणी पुढं जात नाही.

त्या दिवशी होडकं मामानं सोडलं.

नीट गेलं म्हणे. उलटलं नाही, दिवा विझला नाही.

आणि दुपारी वारा फिरला...

शिडाचं आडवं लाकूड मोडलं आणि थेट मामाच्या पाठीत बसलं. मामा पाण्यात.

त्याचा दोस्त दामजी कठड्याशीच होता. लहानपणापासूनचा दोस्त, एकत्र शाळा बुडवलेली. त्यानं दोर टाकला. पण मामानं दोर पाहिलाच नाही. दामजीनं त्याला खाली जाताना पाहिलं. तोंड वर, डोळे उघडे. पाण्यातून दामजीकडेच बघत होता. मग दिसेनासा झाला.

मामा सांगतो, बुडताना देवाचं नाव आठवतं वगैरे सगळं खोटं. त्याला काही आठवलं नाही. छाती फुटायला आली, कानात घंटा वाजायला लागल्या, आणि तोंडातून फक्त 'मा' एवढंच गेलं. ती हाक त्याच्या आईला होती की मातेला, हे त्याला आजही सांगता येत नाही.

मग कुणीतरी त्याचे केस धरले.

मुठीत. घट्ट.

आणि वर ओढलं...

वर आला तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं. गलबत लांब गेलेलं. हाताखाली एक फळी होती. कुठून आली, माहीत नाही.

येमेनच्या मासेमारांनी त्याला उचललं. पुढं तापानं महिनोन् महिने पडून राहिला. अंगावरच्या चड्डीशिवाय जवळ काही नव्हतं. ना कागद, ना पैसा. घरी निरोप दिला तो कुठल्या तरी गलबतावरच विरला. पण मामा तेव्हाही एकच म्हणायचा, आजही म्हणतो. मातेनं ओढलं मला. तिनं ठेवलं म्हणून मी आहे.

ते खरं असेल. मी नाही म्हणत नाही.

पण इकडे घरी काय चाललं होतं, ते ऐका.

मामाची आई पानमा. म्हणजे माझी नानी. दामजीनं येऊन सांगितलं तरी ती रडली नाही. मोंघीमामीच्या बांगड्याही तिनं उतरवू दिल्या नाहीत. बॉडी दाखवा, मग बघू, म्हणाली. बायकांनी समजावलं, भांडल्या, रुसल्या. ती हलली नाही.

मग श्रावणात तिला एक स्वप्न पडलं.

मामा मागच्या दाराशी उभा. नखशिखांत ओला. म्हणतोय, मा, तहान लागलीय.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मणिशंकर गोरांकडे गेली. ते आमचे भटजी. म्हणाली, माझा पोरगा तहानलेला फिरतोय, त्याची सोय करा.

ज्याचं शरीर सापडत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करतात. नारळाचं डोकं. पानमानं त्याला मामाचाच निळा शर्ट घातला. पण पुतळा म्हणजे नुसतं गवत. त्यात आधी गेलेल्याला बोलवावं लागतं, मगच अग्नी देता येतो. पोरबाळ नव्हतं, भाऊ नव्हता. म्हणून हाक आईनं मारली. समुद्राकडं तोंड करून.

"वेलजी... ये रे."

मामी सांगते, तेव्हा वारा पडला. शेजारी गलबतांचे हातोडे चालू होते, तेही बंद झाले. सगळे सुतार एकदम थांबले. का थांबले, हे नंतर त्यांनाही सांगता आलं नाही.

पुतळा जळला. दहाव्याला पिंड ठेवला. गोर अजून हात मागं घेतायत तोवर कावळा शिवला. लोक म्हणाले, तृप्त झाला बिचारा.

आणि दिवाळीनंतर मामा परत आला.

जिवंत.

मग तो पिंड कुणी घेतला?

...

मामा धक्क्यावर उतरला तेव्हा चहावाल्याच्या हातातली किटली पडली. पोरं ओरडत घराकडं पळाली. दामजी तिथंच होता. त्यानं मामाला बघितलं, आणि मिठी मारायच्या ऐवजी दोन पावलं मागं गेला.

मोंघीमामी धावत आली आणि त्याच्या छातीवर बुक्क्या मारत रडली. आता तिच्या हातात बांगड्या नव्हत्या.

पानमा उंबऱ्यावर उभी होती. तिनं मामाचा चेहरा चाचपला. कान, हनुवटी, लहानपणीची कपाळावरची खोक. सगळं चाचपलं.

आणि मग तिनं मान वळवून मागच्या दाराकडं बघितलं...

घाबरल्यासारखी नाही. घरात पाहुणा असताना दुसरा पाहुणा आला की बाई बघते ना, तशी.

त्यानंतर गोर आले. म्हणाले, याला आपण जाळलाय. आता हा असा घरात जाऊ शकत नाही. याला परत जन्माला यावं लागेल.

तसं शास्त्र आहे. आमच्या गावात आधी कुणी पाहिलं नव्हतं एवढंच. नदीकाठी लाकडाचं मोठं पिंप आणलं, त्यात तूप आणि पाणी. मामाला आत बसवलं. गुडघे पोटाशी, मुठी वळलेल्या, बोलायचं नाही. पोटातलं मूल बोलतं का? मग बाहेर काढून न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी परत लग्न लावायचं.

अख्खा खारवावाडा बघायला जमला होता. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. कुणी म्हणे टोपडं आणा, कुणी म्हणे एवढ्या मिशीवाल्या बाळाला दूध कोण पाजणार. एका म्हातारीनं मामीला विचारलं, नवरा पाळण्यात ठेवशील की पलंगावर. मामीनं तिला असं काही उत्तर दिलं की ते मी इथं लिहू शकत नाही.

मामाही आतून हसत होता. बोलायची बंदी होती म्हणून नुसता गदगद हलत होता.

मग गोरांनी मंत्र म्हटले. आणि मोठ्यानं विचारलं, आधीचा वेलजी होता, तो गेला ना?

सगळे म्हणाले, गेला.

आणि पिंपाच्या अगदी बाहेर, मामाच्या कानापाशी, कुणीतरी हळूच म्हणालं...

"हं."

मामाचं हसू तिथंच थांबलं.

कारण तो आवाज त्याचा स्वतःचा होता.

नवीन नाव ठेवलं जीवण. घरी निघताना गोरांनी सगळ्यांना बजावलं. जुनं नाव आता कुणी घ्यायचं नाही. आणि मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या नावानं कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. ते नाव आपण देऊन टाकलंय. ओ दिलीस तर त्याच्या वाट्याची आग तुझ्याकडं येईल."

मामानं विचारलं, दिलंय म्हणजे कुणाला?

गोरांनी चपला घातल्या आणि गेले.

...

पहिले काही दिवस बरे गेले. मामानं मातेच्या देवळात होडकं वाहिलं. मामीच्या हातात नवीन बांगड्या आल्या. दामजी मात्र घरी येत नव्हता. मामा चिडला. गाठून विचारलं, मी जिवंत आलो याचं तुला वाईट वाटलं काय रे?

दामजी खाली बघत म्हणाला, "तू गेलास ते मी बघितलंय भाई. जिवंत माणसाचं तोंड तसं नसतं. तुला मातेनं काढलं असेल, मी हात जोडतो. पण मग खाली गेलं ते कोण?"

मामा तसाच घरी आला.

मग त्याचं घराकडं लक्ष जायला लागलं.

मामाच्या घरामागं गलबतं बांधायची जागा. दिवसभर हातोड्यांची ठकठक. फळ्यांच्या फटीत तेलातला कापूस ठोकून बसवतात त्याचा आवाज. घरातल्यांना तो ऐकूच येत नाही इतकी सवय. दुपारी सुतार जेवायला बसतात, तेव्हा मात्र सगळं शांत होतं.

एकदम शांत.

त्या वेळी पानमा उठायची. पाण्याचा तांब्या भरून मागच्या दाराबाहेर ठेवायची. मामाला वाटलं, कुत्र्यामांजरांसाठी असेल.

एका दुपारी तो आडवा पडला होता. हातोडे थांबले...

आणि मागच्या दारातून हाक आली.

"मा..."

मामाला वाटलं आपणच झोपेत बोललो. त्यानं तोंडावर हात ठेवून बघितलं. तोंड बंद होतं.

"आले रे," पानमा म्हणाली आणि उठली. गुडघे धरून, कुरकुरत, पण हसत.

मामा तिच्या मागं धावला. दार उघडलं. बाहेर कुणी नाही. ऊन. वाळू. तांब्या रिकामा.

आणि तांब्याच्या भोवतीची वाळू ओली नव्हती. म्हणजे सांडलं नव्हतं.

प्यायलं होतं.

मामानं मामीला विचारलं. तिनं विळी पुढं ओढली, भाजी घेतली. मग म्हणाली, तुम्ही नव्हता तेव्हापासून चाललंय हे. पुतळा जाळला त्या दिवसापासून. सासूबाई दुपारी दाराशी बसून बोलत बसायच्या. मला वाटलं, दुःखानं डोकं गेलंय, बोलू दे. तुम्ही आल्यावर थांबेल वाटलं.

"आणि उत्तर यायचं?" मामानं विचारलं.

मामी भाजी चिरत होती. चिरतच राहिली.

"तुमच्याच आवाजात," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मामा आईसमोर जाऊन बसला. त्याला राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती. पानमा तांदूळ निवडत होती.

"मा, तो कोण आहे?"

"कोण?"

"दुपारी येतो तो."

पानमानं एक खडा काढून बाजूला टाकला.

"वेलजी."

"मग मी कोण?"

"तू जीवण." तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साधाच होता. "तू आलास रे पोरा. तुला मातेनं आणलं. त्याला मी आणलंय. मी हाक मारली म्हणून तो आला. आता जेवायला बोलावलेल्या माणसाला ताटावरून उठवू?"

मामा म्हणाला, तो तुझा कुणी नाही. समुद्रातलं काय वाटेल ते आलं असेल, माझं नाव लावून बसलंय.

"असेल," पानमा म्हणाली. "पण मा म्हणतो ना."

मामा गोरांकडं गेला. ते म्हणाले, उपाय आहे. नारायण सरोवराच्या तीर्थाला जाऊन त्याच्या नावानं पाणी सोडायचं. पण ज्यानं बोलावलं त्यानंच जा म्हणायला हवं. दुसऱ्याचं तो ऐकणार नाही.

पानमानं साफ नकार दिला. एकदा बुडालाय तो, मी परत ढकलू का, म्हणाली. 

तेव्हापासून मामाला एकच गोष्ट खायला लागली. आईनं आपल्याला एकदा तरी पहिल्यासारखी हाक मारावी. जीवण म्हणताना ती अडखळायची. शेजारच्या पोराला मारावी तशी हाक यायची ती. सगळी माया त्या दुसऱ्या नावात होती. आणि ते नाव दुपारी कुणीतरी येऊन घेऊन जात होतं.

...

होळीच्या आसपास पानमा आजारी पडली.

ताप उतरेना. खाणं बंद झालं. शेवटी एका दुपारी श्वास घरघरायला लागला, तशी मामी डॉक्टरला आणायला धावली. घरात फक्त मामा आणि पानमा. मागं हातोडे चालू होते. मामा आईचा हात धरून बसला होता. मनात मातेचा धावा. मला काढलंस, हिलाही काढ.

ठक... ठक...

ठक...

हातोडे थांबले.

पानमानं डोळे उघडले नाहीत. ओठ हलले.

"वेलजी... पाणी दे रे."

मामा उठला. पेला भरला. तोंडातून शब्द काढला नाही, गोरांचं बोलणं डोक्यात होतं. पेला तिच्या ओठांना लावला.

तिनं मान फिरवली.

"वेलजी..."

मागच्या दाराची कडी वाजली. आतून लावलेली होती.

मग ओली पावलं ऐकू आली. फरशीवर ओल्या पायांनी माणूस चालतो ना, तशी. चप... चप... स्वयंपाकघरातून. मामाची पाठ तिकडं होती. त्यानं मागं वळून बघितलं नाही. तो म्हणतो, मान वळतच नव्हती.

पावलं त्याच्या मागं येऊन थांबली.

पाण्याचा वास आला. नदीचा नाही. लांबच्या, खोल पाण्याचा.

मामाला तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. आपण गप्प राहिलो तर आई मरताना तिच्या पोराच्या हातचं पाणी पिऊनच मरेल. फक्त तो पोरगा आपण नसू.

आग येते तर येऊ दे.

"वेलजी..." पानमा तिसऱ्यांदा म्हणाली.

"आलो, मा," मामा म्हणाला.

"आलो, मा," त्याच्या मागून आवाज आला.

एकाच वेळी. एकच आवाज. एकाच दमात.

पानमाच्या कपाळावर आठी पडली. लहानपणी भांडण सोडवताना पडायची तशीच.

"दोघं एकदम नका रे बोलू," ती म्हणाली.

आणि तिनं तोंड उघडलं.

मामानं पेला लावला. पेला त्याच्या हातात होता, हे तो शपथेवर सांगतो. बोटांनी धरलेला दिसत होता. पण पेल्याचं वजन त्याच्या हाताला लागत नव्हतं...

पानमा घोटाघोटानं सगळं पाणी प्यायली. मग तिचा श्वास मोकळा झाला. मग हळू झाला. मग थांबला.

मामी डॉक्टरला घेऊन आली तेव्हा मामा तसाच बसला होता, रिकामा पेला धरून. मागच्या दाराची कडी आतून लावलेली. फरशी कोरडी. डॉक्टरनं नाडी बघितली आणि मान हलवली.

मामीनं पदर डोळ्यांना लावला. मग थोड्या वेळानं मामाला हळूच विचारलं, "घरात कोण होतं? गल्लीतून येताना तुमचा आवाज आला."

"मीच होतो," मामा म्हणाला.

"दोन आवाज होते. दोन्ही तुमचेच," मामी म्हणाली.

...

पानमाला अग्नी मामानंच दिला. तेराव्यानंतर दुपारचा तांब्या मामीनं बंद केला. कुणी हाक मारली नाही, कुणी दार वाजवलं नाही. गोरांनी घाबरवलेलं तसंही काही झालं नाही. आग आली नाही. मग भूकंप झाला, अर्धी गल्ली पडली, मामाचं घर उभं राहिलं. मामा म्हणतो मातेची कृपा. असेलही.

तो परत कधी दर्यावर गेला नाही. गलबतांच्या फटी भरायचं काम करतो. दर वर्षी एक होडकं बनवतो आणि ओळखीच्या खलाशाबरोबर सिकोतरला पाठवतो. वाचलास कसा असं कुणी विचारलं तर हात जोडून मातेचं नाव घेतो. पण मी एकदा विचारलं होतं. मामा, नानी गेल्यावर तो दुसरा कुठं गेला? त्याला तर जा म्हणणारं आता कुणीच उरलं नाही.

मामानं हातोडा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं.  परत ठोकायला लागला.

आता तुम्हाला एक सांगतो, आणि हे मी स्वतः बघितलंय, रोज बघतो. मामाला हाक मारली, जीवण म्हणा, मामा म्हणा, काहीही म्हणा, तर तो लगेच ओ देत नाही. ऐकू नीट येतं त्याला. पण थांबतो. मान जराशी तिरकी करतो.

आपल्या आधी दुसरं कुणी ओ देतंय का, ते ऐकतो.

मग बोलतो.